उपग्रहचित्रांतून दिसणारी भूमी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराचा विचार

कल्याण स्थानकातून कर्जतच्या दिशेने निघालेला लोहमार्ग अवघ्या चौदा किलोमीटरांच्या अंतरात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे ओलांडतो. एकाच उल्हास नदीच्या खोऱ्यात, एकाच कृष्णप्रस्तरावर आणि एकाच पावसाखाली वसलेली ही नगरे जन्माने मात्र परस्परांहून अगदी भिन्न आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभारली गेली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली व ती उल्हासनगर ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. अंबरनाथचे नाव शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळे इतिहासज्ञांस परिचित असलेल्या शिलाहारकालीन शिवालयाशी निगडित आहे. परंतु त्याचे आजचे रूप विसाव्या शतकात आलेल्या आगकाड्यांच्या, रसायनांच्या व युद्धसामग्रीच्या कारखान्यांनी घडविले. बदलापूर हे फार उशिरापर्यंत भातखाचरांनी वेढलेले गावच होते. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, अशा नोकरदार कुटुंबांनी त्याला नगराचे स्वरूप दिले.

जनगणनेच्या आकड्यांत हा भेद स्पष्ट उमटला आहे. २००१ ते २०११ ह्या दशकात उल्हासनगरची लोकसंख्या ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ झाली, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. अंबरनाथची २,०३,८०४ वरून २,५३,४७५ वर गेली. कुळगाव-बदलापूरची मात्र ९७,९४८ वरून १,७४,२२६ झाली. ही वाढ सुमारे ७८ टक्क्यांची होय. एवढ्या माणसांच्या निवाऱ्यासाठी लागलेली जमीन कोठून आली? भाताच्या खाचरांतून, वरकस माळांतून, नदीकाठच्या सखल भागांतून, की डोंगरउतारावरच्या झाडीतून? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. पुराचे पाणी कोठवर चढेल, विहिरींस झरे कोठून मिळतील, कातकरी-ठाकूर वाड्यांच्या गुरांना चराई कोठे उरेल, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ह्या उत्तरासाठी आज बहुतेक अभ्यासक उपग्रहचित्रांकडे वळतात. काही तासांत संगणकावर रंगीत नकाशा सिद्ध होतो, आणि त्याखाली हेक्टरांचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत छापले जातात. त्या आकड्यांना कोणता अर्थ आहे आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुनी साधने

जमिनीच्या उपयोगाची मोजदाद ही उपग्रहाबरोबर जन्मास आलेली कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये डडली स्टँप ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात शाळकरी मुलांच्या साहाय्याने देशातील शेतन्‌शेत नकाशावर नोंदवून घेतले होते. आपल्याकडे तलाठ्याची पीकपाहणी हेच कार्य निराळ्या हेतूने करीत आली आहे. सातबाऱ्यावर दरसालचे पीक चढते, आणि त्यांच्या बेरजेतून गावाच्या जमिनीचे नऊ प्रकारांत केलेले वर्गीकरण तयार होते. ह्या नोंदींचे मोल मोठे आहे; परंतु त्या गावाची बेरीज सांगतात, जागा दाखवीत नाहीत. शिवाय कागदावरचा बदल आणि भूमीवरचा बदल एकाच वेळी घडतात असेही नाही. बदलापूरच्या आसपास बिगरशेती झालेली कित्येक शेते वर्षानुवर्षे गवताखाली पडून असतात. उलट, कागदोपत्री शेत असलेल्या जागेवर चाळी उभ्या राहिल्याची उदाहरणेही ह्या पट्ट्यात दुर्मिळ नाहीत.

दुसरी अडचण सीमांची आहे. १९८३ मध्ये अंबरनाथ व बदलापूर ही गावे कल्याण महानगरपालिकेत समाविष्ट झाली आणि १९९२ मध्ये तिच्यातून पुन्हा वेगळी निघाली. साहजिकच १९८१, १९९१ व २००१ च्या जनगणनांचे आकडे एकाच क्षेत्राचे म्हणून शेजारीशेजारी मांडता येत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे ह्या दोषापासून मुक्त आहेत. तथापि त्यांच्या दोन आवृत्त्यांमध्ये दशके लोटतात. त्यातही बदलापूरचे दुर्दैव असे की, पूर्व रेखांश ७३ अंश १५ मिनिटे ही ४७ ई/४ आणि ४७ ई/८ ह्या दोन पत्रकांमधील शिवण नगराच्या अगदी लगत येते. दोन पत्रकांची पाहणी एकाच वर्षी झालेली नसली, तर एकाच वस्तीचे दोन भाग दोन निरनिराळ्या काळांत गोठलेले दिसतात.

उपग्रहाने ह्या परिस्थितीत जो फरक पाडला तो नियमितपणाचा. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला. योगायोग असा की, बदलापूरजवळचे बारवी धरणही १९७२ चेच. त्यामुळे धरणाचे जवळजवळ सारे आयुष्य ह्या चित्रमालिकेत सापडते. त्या पहिल्या संवेदकाचा एक चित्रकण सुमारे ८० मीटर बाजूचा होता. १९८२ मध्ये गेलेल्या लँडसॅट-४ ने तो ३० मीटरांवर आणला. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह सोडला, आणि डिसेंबर १९९५ मधील आय.आर.एस.-१सी ने २३.५ मीटरांची बहुवर्णी व ५.८ मीटरांची एकवर्णी चित्रे देण्यास आरंभ केला. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेमुळे २०१५ पासून १० मीटरांची चित्रे विनामूल्य मिळतात. दोन उपग्रह कार्यरत असता दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा दिसते. विनामूल्य हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये लँडसॅटचे संपूर्ण भांडार सर्वांस खुले झाले. त्यापूर्वी एकेका चित्रासाठी द्रव्य मोजावे लागे, आणि म्हणून दोन चित्रांवर अभ्यास उरकण्याची पद्धत पडली. ती पद्धत, कारण नाहीसे झाल्यावरही, आमच्या प्रबंधिकांत टिकून आहे.

ह्या संदर्भात प्रा. पी. आर. पिशारोटी ह्यांचे स्मरण करणे उचित होईल. १९६२ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक. १९७० च्या सुमारास केरळातील नारळीच्या रोगग्रस्त बागांची अवरक्त पटलावर हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेण्याचा प्रयोग त्यांनी केला. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ सामान्यतः ह्या प्रयोगापासून मानण्यात येतो. डोळ्यांना निरोगी भासणारे झाड अवरक्त चित्रात निराळे दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या सर्व वनस्पती-निर्देशांकांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

चित्रकणात काय साठविलेले असते

उपग्रह भूमीचे वर्गीकरण करीत नाही. तो केवळ परावर्तित प्रकाश मोजतो. हिरव्या पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि पानाची अंतर्रचना निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. ह्या दोन मूल्यांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता जो अंक मिळतो तो वनस्पती-निर्देशांक होय. दाट झाडीवर तो एकाच्या जवळ सरकतो, उघड्या मातीवर शून्याच्या किंचित वर राहतो, आणि पाण्यावर बहुधा ऋण होतो. अवरक्त प्रकाशास तांबडा रंग देऊन केलेल्या आभासी रंगचित्रात बारवीच्या जलाशयाभोवतीचे वन गडद तांबडे, जलाशय काळसर आणि उल्हासनगर करड्या-निळसर ठिपक्यांच्या दाटीसारखे दिसते.

बांधकामासाठीही असाच एक निर्देशांक प्रचारात आहे. लघुतरंग-अवरक्त मूल्यातून निकट-अवरक्त मूल्य वजा करून त्यास दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. चीनमधील नानजिंग शहराच्या अभ्यासातून २००३ मध्ये तो पुढे आला, आणि त्या प्रदेशासाठी तो उपयुक्तही ठरला. परंतु आमच्याकडे मार्च महिन्यात भाताचे रिकामे खाचर, मुरमाचा माळ, दगडाची खाण आणि काँक्रीटची गच्ची ह्या चारही गोष्टी ह्या निर्देशांकात एकमेकींच्या अगदी शेजारी येऊन बसतात. कोरडी माती व बांधकाम ह्यांचा हा गोंधळ ज्याने ध्यानात घेतला नाही, त्याच्या नकाशात बदलापूरच्या पलीकडे वांगणीपर्यंतचा सारा प्रदेश एका उन्हाळ्यात नगर बनून जातो आणि पुढील पावसाळ्यानंतर पुन्हा शेत होतो.

ऋतूचा प्रश्न

येथे आपण ह्या विषयाच्या गाभ्याशी येतो. कोकणच्या ह्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश बहुतांशी ढगांनी झाकलेले असते. प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकास ह्या चार महिन्यांत निर्मळ चित्र क्वचितच लाभते. उरलेल्या आठ महिन्यांत भूमी आपला वेष तीनदा बदलते. ऑक्टोबरच्या आरंभी भात उभे असते व डोंगरउतारांवर गवत हिरवे असते. डिसेंबरात खाचरे रिकामी होतात, गवत पिवळे पडते, ओलाव्याच्या जागी वाल-हरभऱ्याचे तुकडे हिरवे दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये पानझडी वृक्ष निष्पर्ण होतात, राबासाठी जमीन भाजली जाते, वणव्यांनी उतार काळवंडतात, आणि काळवंडलेला उतार संगणकास पाण्यासारखा किंवा सावलीसारखा वाटतो.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाने १९९० च्या नोव्हेंबरातील चित्र आणि २०२० च्या एप्रिलमधील चित्र परस्परांशी ताडून पाहिले. त्याला चंदेरी-माथेरानच्या डोंगररांगेतील निम्मे वन नष्ट झाल्याचे आढळेल. प्रत्यक्षात पाने गळली असतील, एवढेच. हा दोष कल्पित नाही. पदव्युत्तर प्रबंधिकांत तो पुनःपुन्हा आढळतो, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष नंतर इतरांच्या लेखांत उद्धृतही होतात. बारवीच्या जलाशयाचेही तसेच. मे महिन्यात त्याचे पाणी ओसरलेले असते व काठची उघडी जमीन पडीक म्हणून मोजली जाते. त्यात धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली असून, पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळल्यानंतर २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत प्रथमच भरले. म्हणून २०१९ पूर्वीच्या व नंतरच्या चित्रांतील पाण्याची तुलना करताना महिना आणि वर्ष ह्या दोहोंचे भान ठेवावे लागते.

डिसेंबरच्या चित्रांत आणखी एक चकवा असतो. उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी सूर्य आग्नेयेस व बराच खाली असतो. त्यामुळे वायव्येकडे तोंड असलेले कडे सावलीत जातात. मलंगगडाच्या व ताहुलीच्या रांगांतील अशा सावल्या पाणी किंवा घनदाट वन म्हणून वर्गीकृत झालेल्या मी पाहिल्या आहेत. उंचीची माहिती सोबत घेतली तर हा दोष सहज टळतो.

ह्यावर खरा उपाय दोन चित्रे अधिक काळजीने निवडण्याचा नसून, संपूर्ण मालिका वापरण्याचा आहे. एकच चित्रकण घ्यावा व त्याचा वनस्पती-निर्देशांक मिळेल त्या प्रत्येक निर्मळ तारखेस मांडावा. भाताचे खाचर असेल तर दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास एक उंचवटा येतो व तो उन्हाळ्यापर्यंत उतरतो. वर्षामागून वर्षे हा उंचवटा येत राहतो आणि एका वर्षी येत नाही. त्या वर्षी तेथे भराव पडला, किंवा शेत टाकून दिले गेले. पुढील दोन-तीन वर्षांत आलेख सपाट राहिला व लघुतरंग-अवरक्त मूल्य चढले, तर बांधकाम झाले असे मानण्यास आधार मिळतो. उंचवटा मोडका पण हिरवा राहिला, तर शेत गवताला दिले गेले असावे. रानाच्या चित्रकणाचा आलेख ह्याहून निराळा, बांबूचा त्याहून निराळा. भूमीची ही वार्षिक लय हाच तिचा खरा परिचय आहे, आणि ती एका चित्रात कधीच मावत नाही. गणनयंत्रांच्या आजच्या सोयींमुळे हे काम विद्यापीठातील कोणत्याही विद्यार्थ्यास घरबसल्या करता येते.

नावांचा प्रश्न

भू-आच्छादन आणि भूमि-उपयोग ह्या दोन संज्ञा समानार्थी म्हणून वापरण्याची सवय आपण सोडावयास हवी. जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे ते आच्छादन. माणूस तिचे काय करतो तो उपयोग. उपग्रहास पहिले दिसते, दुसरे अनुमानाने काढावे लागते. अंबरनाथजवळ नेवाळी येथे महायुद्धकालीन विमानतळाच्या धावपट्ट्यांच्या खुणा उपग्रहचित्रात आजही ओळखता येतात. त्यांच्या सभोवार शेते दिसतात. ही जमीन संरक्षण खात्याची की युद्धकाळात ती ज्यांच्याकडून घेतली गेली त्या शेतकऱ्यांच्या वंशजांची, ह्या वादाने जून २०१७ मध्ये उग्र आंदोलनाचे रूप घेतले. चित्रकण येथे फक्त इतकेच सांगू शकतो की, अमुक वर्षी अमुक जागी पीक उभे होते. हेही थोडके नाही. परंतु ते स्वामित्व नव्हे.

पडीक ह्या नावाबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. शासनाच्या वतीने २००० पासून प्रसिद्ध होणाऱ्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहांनी हा शब्द रूढ केला आणि विद्यार्थी तो निःशंकपणे उचलतात. बदलापूरच्या पूर्वेकडील व दक्षिणेकडील खडकाळ माळ ह्या वर्गात पडतात. ह्याच माळांवर नाचणी-वरीची शेती होते, गुरे चरतात, गवत कापून विकले जाते, पावसाळ्यात रानभाज्या मिळतात. नकाशावर पडीक म्हटलेली जमीन दुसऱ्या कामास देताना कोणाचे काही जात नाही असा समज होतो. ज्यांचे जाते ते नकाशा करणारांच्या खोलीत नसतात. आम्ही त्या वर्गास गवताळ-खडकाळ भूमी असे म्हणावे हे बरे. नावात वर्णन असावे, निवाडा असू नये.

आणखी एक किरकोळ, पण विद्यार्थ्यांस हमखास फसविणारी गोष्ट. रेल्वेच्या भाषेत अंबरनाथचे शिवमंदिर पूर्वेला आहे. नकाशावर मात्र ते स्थानकाच्या नैर्ऋत्येस पडते. कारण मुख्य लोहमार्गाच्या दोन अंगांची नावे मुंबईपासून तशीच चालत आली आहेत आणि कल्याणनंतर मार्ग आग्नेयेकडे वळतो. बदलापूर पश्चिमेचेही तसेच. उल्हास नदी त्या बाजूला आहे व ती बाजू वास्तविक ईशान्येची आहे. स्थानिक माहितगाराने सांगितलेली ‘पूर्व’ वही-पेन्सिलीने टिपून आणणाऱ्याने ती नकाशावर मांडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

उल्हासनगर : जेथे बदल दिसत नाही

उल्हासनगरचे क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर आहे. ३० मीटरांचा एक चित्रकण ९०० चौरस मीटर जागा व्यापतो. अर्थात सारे नगर साडेचौदा हजारांच्या आसपास चित्रकणांत बसते. त्यांपैकी पुष्कळसे १९८० नंतरच्या दशकातच बांधकामाच्या वर्गात स्थिरावले. पुढील चित्रांत ते तेथेच राहतात. त्यावरून उल्हासनगरात बदल थांबला असा निष्कर्ष निघतो, आणि तो चूक आहे. बराकींच्या जागी बैठी घरे, बैठ्या घरांच्या जागी कारखाना-दुकान-घर एकत्र असलेल्या इमारती आणि पुढे बहुमजली इमारती, हा सारा प्रवास उभ्या दिशेने झाला. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका वाढला की, ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये केवळ ह्या एका नगरापुरता कायदा करावा लागला. भू-आच्छादनाच्या नकाशात ह्या घडामोडींची एक रेघही उमटत नाही; पाणी, मलनिस्सारण आणि वालधुनी नदीवर पडणारा भार मात्र त्यांनीच ठरविला.

उंची मोजण्याची साधने आज आहेत. जोडचित्रे घेणारा कार्टोसॅट-१ हा भारतीय उपग्रह ५ मे २००५ रोजी ह्याच हेतूने सोडण्यात आला होता, आणि रडार चित्रांतील प्रतिध्वनीची तीव्रताही इमारतींच्या दाटीनुसार वाढते. परंतु बदलाचा अभ्यास म्हणजे हिरव्याचे करडे होणे, अशी समजूत असल्यामुळे बदलापूरवर प्रबंधिका पुष्कळ होतात आणि उल्हासनगरावर क्वचित.

चित्रकणाच्या आकाराचा परिणाम दुसऱ्या टोकासही जाणवतो. वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथच्या शिवालयाजवळून व उल्हासनगरातून वाहत कल्याणला उल्हासच्या खाडीस मिळते. नगरातील तिचे पात्र बहुतेक ठिकाणी एका चित्रकणापेक्षा अरुंद आहे. त्या चित्रकणात थोडे पाणी, थोडी भिंत, थोडे पत्रे आणि काठचे थोडे गवत मिसळलेले असते. त्याचे सरासरी मूल्य ह्यांपैकी कशाचेच नसते. स्वयंचलित नकाशात म्हणून ही नदी अंबरनाथनंतर तुटक ठिपक्यांची बनते व पुढे अदृश्य होते.

चुकीचे गणित

ह्या क्षेत्रात ८५ टक्के अचूकतेचा दंडक १९७६ मध्ये अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षणासाठी केलेल्या वर्गीकरणापासून चालत आला आहे. एका नकाशासाठी तो समाधानकारक असेल. परंतु बदलासाठी दोन नकाशे एकमेकांतून वजा करावे लागतात. दोन्ही ८५ टक्के अचूक असले आणि त्यांतील चुका परस्परांशी संबंधित नसल्या, तर दोन्ही तारखांस योग्य ठरणारे चित्रकण ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ७२ टक्केच उरतात. शंभरांतील अठ्ठावीस जागी निदान एक नकाशा खोटे बोलतो. आणि दहा वर्षांत एखाद्या तालुक्यातील प्रत्यक्ष बदल पाच-दहा टक्क्यांहून अधिक क्वचितच असतो. हे ज्याने ध्यानात घेतले, तो दोन दशांश स्थळांचे हेक्टर छापणार नाही. दोन चित्रे परस्परांवर अर्ध्या चित्रकणाने जरी सरकलेली असली, तरी रस्ते, लोहमार्ग व नदीकाठ ह्यांच्या कडेने खोट्या बदलाच्या लांबट पट्ट्या उमटतात. त्या ओळखण्यास फार अनुभव लागत नाही, फक्त नकाशाकडे पाहावे लागते.

तयार मिळणारे जागतिक नकाशेही ह्याला अपवाद नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेने २०२० व २०२१ ह्या वर्षांचे जगाचे १० मीटरी भू-आच्छादन प्रसिद्ध केले. त्या दोन नकाशांची कार्यपद्धती निराळी असल्याने त्यांतील फरक हा सर्वस्वी भूमीतील बदल मानू नये, अशी सूचना कर्त्यांनीच दिली आहे. तरीही ते वजा करणारे लोक आहेत.

शुद्ध मार्ग नमुनापरीक्षणाचा आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. अभ्यासक्षेत्र १०,००० हेक्टर. नकाशा म्हणतो, १,००० हेक्टर नव्याने बांधकामाखाली गेले. ह्या नवबांधकाम-वर्गात यदृच्छेने १०० बिंदू निवडून प्रत्यक्ष जागेवर व स्पष्ट चित्रांत तपासले. ८० खरे निघाले. उरलेल्या ९,००० हेक्टरांत ४०० बिंदू तपासले. त्यांपैकी २० ठिकाणी बांधकाम झाले होते, पण नकाशास ते कळले नाही. आता हिशेब असा : १,००० च्या ८० टक्के म्हणजे ८०० हेक्टर, आणि ९,००० च्या ५ टक्के म्हणजे ४५० हेक्टर, एकूण १,२५० हेक्टर. प्रमाणत्रुटी काढली तर ९५ टक्के विश्वासाने हा आकडा सुमारे २०८ हेक्टरांनी इकडेतिकडे असू शकतो. नकाशावरील चित्रकण नुसते मोजून आलेला १,००० हा आकडा ह्या मर्यादेच्याही बाहेर पडतो. विशेष हे की, ह्या नकाशाची एकूण अचूकता ९३.५ टक्के येते व ती पाहून कोणीही निश्चिंत होईल. मोठ्या, न बदललेल्या वर्गातील अल्प टक्केवारीची चूक लहान वर्गास कशी गिळते, ते ह्यावरून दिसावे. क्षेत्रफळाचा असा अंदाज व त्याची मर्यादा २०१४ पासून ह्या विषयाच्या प्रमुख नियतकालिकांत मागितली जाते. आमच्याकडे अजून कॅप्पा नावाच्या एका गुणांकावर भागते, ज्याची निरुपयोगिता २०११ मध्ये सप्रमाण मांडली गेली आहे.

पूर

हे सारे बारकावे कशासाठी, असे विचारले तर बदलापूरच्या नदीकाठाकडे बोट दाखवावे लागेल. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने ह्या पट्ट्यात हाहाकार केला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतात; पहिली सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा आखताना जो उंचसखलपणा गृहीत धरला, तो पुढे भरावाने बदलला तर पाणी दुसरीकडे शिरते. भरावाची जागा व तारीख सांगणारे साधन म्हणजे उपरोक्त चित्रमालिका. खाचर, मग एखाद-दुसरे वर्ष उघडी चकचकीत माती, मग इमारत, असा तो क्रम असतो. वर्गीकरणात ही मधली उघडी माती पडीक भूमीत मिसळून टाकणारा अभ्यासक नेमका पुरावाच पुसून टाकतो.

प्रत्यक्ष पुराच्या दिवशी प्रकाशाचे संवेदक निरुपयोगी ठरतात व रडारचा आश्रय घ्यावा लागतो. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात. स्थिर पाणी त्यांना आरशाप्रमाणे दूर परतवते, म्हणून ते चित्रात काळे दिसते. मोकळ्या शेतात साचलेले पाणी अशा रीतीने सहज आखता येते. गल्लीत शिरलेले पाणी मात्र दिसत नाही. उलट, पाणी व भिंत ह्यांच्या काटकोनातून लहर दुहेरी परावर्तन पावून परत येते व ती जागा अधिकच उजळ होते. ज्या घरांत पाणी शिरले तीच नकाशात कोरडी ठरावीत, हा ह्या पद्धतीचा विचित्र दोष आहे. दुसरी मर्यादा काळाची. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह बारा दिवसांनी त्याच मार्गावर येतो, आणि उल्हासचा पूर काही तासांत चढून उतरतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार ह्या भारत-अमेरिका रडार उपग्रहाचाही फेरा बारा दिवसांचाच आहे. दोन्हींची चित्रे एकत्र वापरली तर पुराच्या वेळी एखादे चित्र हाती लागण्याची शक्यता वाढते. तोवर पुलाच्या खांबांवरील, मंदिरांच्या पायऱ्यांवरील व चाळींच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा मोजून घेणे हे काम हातानेच करावे लागते. बदलापुरात २०१९ ची पाण्याची रेघ आपल्या भिंतीवर कोठे होती, हे सांगणारे रहिवासी आज भेटतात; रंगकाम होत जाते तसतशी ती रेघ नाहीशी होते. ज्या विद्यार्थ्यांना ह्या पट्ट्यावर प्रबंधिका लिहावयाची असेल, त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस आकाश निवळताच, भात कापणीपूर्वी, नमुनाबिंदूंची यादी घेऊन तेथे जावे आणि मार्चमध्ये त्याच बिंदूंवर पुन्हा एकदा जावे.